सत्तावीस इंचांची गिटार आणि काळी एकचा सा

आमच्या आण्णांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. बेळगावच्या शहापुरातल्या भजनी मंडळात ते कित्येक वर्षं याच पट्टीत गातात. पेटीवाल्याने चुकून पांढरी दोन धरली, तर अभंग तिथेच थांबवून त्याला खाली यायला लावतात. त्यांच्या अभंगांना इलेक्ट्रिक गिटारची साथ करायची असं ठरलं तेव्हा पट्टी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. बदलायचं ते गिटारने.

गिटारची सगळ्यात जाड तार पांढरी तीनवर लावलेली असते. ती तीन पट्ट्या उतरवून मी काळी एकवर आणली, म्हणजे मोकळी तार छेडली की थेट खरजातला सा मिळेल. छेडली, तर सूर आधी वर उसळला आणि मग हळूहळू जागेवर आला. जरा जोर लावला की तार मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून खरखरायची. पडद्यावर बोट दाबलं तर दाबाच्या कमीजास्तीने स्वर हलायचा.

"तार सैल झालीया की," आण्णा म्हणाले. "खरं पट्टी बदलायची नाही हां."

जुन्या घडणीची, पण लांब तारेची गिटार शोधायला मी लागलो तो त्या संध्याकाळपासून. शोधता शोधता तारेचं जे गणित कळत गेलं, ते मला गिटारपेक्षाही मोलाचं वाटतं.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरमागचं वजन. मरीन मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली हे नियम मांडले. लांबी दुप्पट केली तर सूर एक सप्तक खाली येतो. ताणाने सूर एक सप्तक वर न्यायचा तर ताण चौपट करावा लागतो. वजनाने एक सप्तक खाली आणायचा तर वजन चौपट करावं लागतं. माझ्या तारेला हाच नियम नडला होता. पांढरी तीनवर ती सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावत होती, काळी एकवर ६९.३ वेळा. कंपनं जेमतेम सोळा टक्क्यांनी कमी झाली, पण ताण मात्र जवळपास तीस टक्क्यांनी उतरला. १.१७ मिलिमीटर जाडीच्या त्या तारेवर आधी साधारण ७.९ किलोचा ताण होता, तो ५.६ किलोवर आला.

ताण उतरला की सूर का उसळतो? तार झोका घेते तेव्हा तिची वाट सरळ रेषेपेक्षा किंचित लांब होते, म्हणजे ती क्षणभर जास्त ताणली जाते. मुळातला ताण भरपूर असेल तर हा वरचा ताण त्यात कुठेच दिसत नाही. सैल तारेत मात्र तो जाणवण्याइतका मोठा ठरतो. बोटाने दाबतानाही तेच घडतं.

मग जाड तार घालावी, हा पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो. तो चुकीचा नाही, पण त्याला मर्यादा आहे. जाड तार थोडी तारेसारखी आणि थोडी सळईसारखी वागते. वाकायला ती स्वतःच्या कडकपणाने विरोध करते, आणि हा विरोध वरच्या उपस्वरांना जास्त जाणवतो. उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुपटी-तिपटीवर न बसता थोडे चढे लागतात. कानाला ते 'चढं' असं वेगळं कळत नाही. सूर ठोकळ झालाय, मोकळा होत नाही, इतकंच वाटतं. म्हणूनच जाड तारा आतल्या गाभ्यावर दुसरी बारीक तार गुंडाळून करतात. वजन वाढतं, पण वाकणारा गाभा बारीकच राहतो. मैफिलीचा पियानो नऊ फूट लांब असण्याचं कारणही हेच. खर्जाच्या तारा नुसत्या जाड करत नेल्या असत्या तर त्या सुरात बोलल्या नसत्या.

उरली लांबी. सूर तोच ठेवून लांबी वाढवली तर ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, आणि कडकपणाचा हा दोष लांबीच्या चौथ्या घाताने घटतो. लांबी सहा टक्के वाढवली तर दोष वीस टक्क्यांनी कमी. इतकं भरघोस देणारी दुसरी गोष्ट गिटारमध्ये मला दिसत नाही.

गावातल्या एका दुकानात गेलो आणि लांब स्केलची गिटार दाखवा म्हणालो. आपल्याकडे स्केल म्हणजे पट्टी. दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "सगळ्या स्केलमध्ये वाजतीय की ही." मग तारेची लांबी जास्त हवी हे सांगितल्यावर त्यांनी एक चांगली उंच, मोठ्या डोक्याची गिटार काढून दिली. मी खिशातला टेप काढला. वरच्या नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचा असलेल्या टेकूपासून, बाराव्या पडद्यापर्यंत ३२४ मिलिमीटर. दुप्पट केले की ६४८. नेहमीचीच गिटार, फक्त खुंट्यांचं डोकं लांब. डोक्याचा तारेच्या वाजत्या लांबीशी काही संबंध नसतो. नट आणि धडावरचा ब्रिज, म्हणजे तारांचा खालचा टेकू, यांच्या मधली जेवढी तार कंप पावते तेवढीच लांबी खरी.

मोजायचं ते बाराव्या पडद्यापर्यंतच, थेट ब्रिजपर्यंत नाही. बारावा पडदा बरोबर मध्यावर असतो, कारण तिथे सप्तक पुरं होतं. ब्रिजवरचे तारेचे टेकू मात्र प्रत्येक तारेसाठी थोडे मागे सरकवलेले असतात. तार दाबताना ताणली जाऊन चढते, ती चढ या सरकवण्याने भरून काढतात. त्यामुळे ब्रिजपर्यंत मोजलं तर दोन-चार मिलिमीटर जास्तच भरतात.

हा ६४८चा आकडा म्हणजे साडेपंचवीस इंच. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने १९५०च्या सुमारास सपाट लाकडाची, स्क्रूने मान बसवलेली गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर झाली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. दोन्हींची लांबी साडेपंचवीस इंच. गिब्सनची लेस पॉल १९५२ची, तिची लांबी पावणेपंचवीस इंच सांगतात. पाऊण इंचाचा फरक, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर लेस पॉलवर ताण सहा टक्क्यांनी कमी पडतो. एकाच माणसाच्या हातात दोन्ही गिटारी दिल्या तर एक मऊ आणि एक कडक लागते, ती यामुळे. जुन्या घडणीच्या म्हणून ज्या गिटारी आपल्या डोळ्यांत बसल्यात, त्यांची सगळी मापं या दोन आकड्यांच्या आसपास घुटमळतात. त्यापेक्षा लांब हवी असेल तर शोधावीच लागते.

याच सुमारास एका कामासाठी मिरजेला जाणं झालं. बेळगावहून रेल्वेने सरळ वाट. काम उरकून सतारमेकरांच्या दुकानांत शिरलो. कधीकाळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भिंतीला दोन तानपुरे टेकवून ठेवले होते, एक मर्दानी आणि एक जनानी. मर्दानी साधारण पाच फूट, जनानी चार फुटांच्या आसपास. लहानपणापासून पाहिलेले हे दोन आकार, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा ते टेप घेऊन पाहिले. पुरुषाचा सा काळी एकच्या आसपास, बाईचा पांढरी पाच किंवा काळी चारच्या पुढे. कंपनांचा फरक जवळपास दीडपट. तानपुऱ्याच्या लांबीत मात्र दीडपट फरक नाही, त्याहून कमी आहे. उरलेला फरक कारागीर तारेच्या जाडीने भरून काढतो. थोडी लांबी आणि थोडी जाडी. माझ्या गिटारच्या प्रश्नाचं उत्तर त्या भिंतीला टेकून उभं होतं.

घरी येऊन आकडे मांडत बसलो आणि एक गोष्ट सापडली. लांब मानेच्या ज्या गिटारी मिळतात त्यातलं सगळ्यात सोपं माप सत्तावीस इंच. सत्तावीसच का? गिटारवर दर पडद्याला वाजती लांबी १.०५९४६ने भागली जाते. बारा वेळा भागली की बरोबर निम्मी होते. ही संख्या हाताशी नव्हती तेव्हा वाद्यकार अठराचा नियम वापरत: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवायचा. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली स्वतः ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवत, त्यांनी १५८१ साली हे १८ ला १७ चं प्रमाण सांगून ठेवलं आहे. आता सत्तावीसचा अठरावा भाग काढा. दीड इंच. तो वजा केला की उरतात साडेपंचवीस!

म्हणजे सत्तावीस इंची गिटार ही फेंडरच्या गिटारला वरच्या बाजूने एक पडदा जोडलेली गिटार आहे. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की पुढे उरते ती जुनी, ओळखीची साडेपंचवीस इंची. कॅपो काढला की त्याच तारा, त्याच ताणात, एक पट्टी खाली. तारेला काही कळतसुद्धा नाही. मग बाकीचे आकडेही उलगडले. फेंडरने १९६२ साली काढलेली जॅग्वार चोवीस इंचांची, ती साधारण एक पडदा कापलेली. मान बदलून लावण्यासाठी २८ आणि पाच अष्टमांश इंचांच्या माना मिळतात, त्या बरोबर दोन पडदे जोडलेल्या. म्हणून तर त्या साध्या टेलिकास्टरच्या धडावर ब्रिज न हलवता बसतात: मानेच्या बुडाशी पडद्यांची रांग जशीच्या तशी जुळते, वाढ सगळी खुंट्यांकडे. फेंडरचा १९६१चा सहा तारांचा बेस तीस इंचांचा, म्हणजे जवळजवळ तीन पडद्यांची भर.

आण्णांची काळी एक तीन पडदे खाली आहे. हिशेबाने तीस इंची गिटार लागावी. पण तितकं लांब जाणं मला पटलं नाही. एक कारण हाताचं. साडेपंचवीस इंचीवर पहिला पडदा नटपासून ३६.४ मिलिमीटरवर असतो, सत्तावीसवर ३८.५. दोन मिलिमीटर बोटं निभावून नेतात. तिसावर तो ४२.८वर जातो, आणि अभंगाच्या लयीत कॉर्ड बदलताना करंगळी पोचत नाही.

दुसरं कारण पातळ तारेचं. ठरावीक लांबीच्या पोलादी तारेला एक सूर असा असतो की त्याच्यावर ती तुटतेच, मग ती जाड असो की बारीक. जाड तार जास्त ताण सोसते खरी, पण त्याच सुरात यायला तिला तितक्याच पटीने जास्त ताण लागतो. ६४८ मिलिमीटरवर ही मर्यादा साधारण ४३५ हर्ट्झच्या आसपास येते, आणि गिटारची पहिली तार असते ३३० हर्ट्झवर. तीस इंचांवर मर्यादा ३७०च्या आसपास उतरते. काळी एकवर लावून ठेवली तर चिंता नाही. पण तीच गिटार दुसऱ्या कुणाच्या साथीला नेहमीच्या सुरात चढवायची म्हटली तर पहिली तार कधी जाईल सांगता येत नाही. शाळेत असताना सतत तुटणाऱ्या तारेच्या जागी मी जाड तार घातली होती आणि तीही त्याच सुरावर तुटली होती. तेव्हा दोष तारेच्या पाकिटाला दिला होता. कारण आत्ता कळलं.

जुन्या वळणाच्या लांब गिटारी आज आहेत, फक्त त्यांना दुकानात 'बॅरिटोन' म्हणून विचारावं लागतं. स्क्वायरची टेलिकास्टर घडणीची कॅब्रोनिटा सत्तावीस इंची आहे. पीआरएसची एसई २७७ नावातच सांगते, २७.७ इंच. ग्रेचची जेट बॅरिटोन पावणेतीस इंची, दिसायला देखणी, पण माझ्या हाताबाहेरची. मी टेलिकास्टर घडणीची एक सत्तावीस इंची वापरलेली गिटार घेतली, चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन. टेप नेला होताच. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३४३ मिलिमीटर भरले तेव्हाच पैसे काढले.

मग मिरजेची रीत. एका पडद्याइतकं काम लांबीने केलं, उरलेल्या दोन पट्ट्यांसाठी जाडी वाढवली. १.१७ मिलिमीटरच्या जागी १.३२ मिलिमीटरची तार. सत्तावीस इंचांवर, काळी एकला, तिच्यावर ताण आला पुन्हा ७.९ किलोच्या आसपास, म्हणजे जुन्या गिटारवर पांढरी तीनला होता तेवढाच. पहिली तार ०.२५ऐवजी ०.२८ची घातली. जाड तारेसाठी नटची खाच घासून रुंद करावी लागली, नाहीतर तार खाचेत अडकून सुरात लागताना टकटक उड्या मारत होती. ब्रिजवरचे टेकूही पुन्हा सरकवले. नेहमीच्या संचातल्या तारा सत्तावीस इंचांना पुरतात. तीस इंचीसाठी लांब तारांचा वेगळा संच मागवावा लागतो.

आषाढीआधीच्या सरावाला आण्णांनी तानपुरा मिळवला आणि माझ्याकडे बघितलं. मी सा छेडला. तो जिथे लागला तिथेच राहिला. त्यांनी काही न बोलता अभंग उचलला.

तिसरी तार मात्र अजून पूर्ण मनासारखी नाही. ती ०.५१ मिलिमीटरची साधी, एकसंध पोलादी तार आहे, इतक्या जाडीला जरा कडकच. दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर दाबली की किंचित चढते, आणि आण्णांचा मध्यम नेमका तिथेच येतो. पुढच्या वेळी तिथे तेवढ्याच जाडीची गुंडाळलेली तार घालून बघणार आहे, तिचा गाभा बारीक असतो.