उत्तराआधीचे १४ सेकंद

"आता सगळी उत्तरं मोबाइलवर मिळतात, मग शाळेत ग्रंथपाल हवाच कशाला?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. उत्तर हाती पडलं म्हणजे शिकून झालं, हा गैरसमज त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. शिकण्याच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा असतो तो प्रश्न पडल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा वेळ. मोबाइल तोच वेळ खाऊन टाकतो.

समजा, चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येते आणि विचारते, "बाई, ऑक्टोपसला किती हृदयं असतात?" बाईंना उत्तर ठाऊक आहे. तरी त्या म्हणतात, "तुला किती वाटतात?"

"एक... नाही, दोन असतील."

"दोन का गं?"

"हात आठ आहेत ना, एक कसं पुरेल?"

"चल, बघू या," म्हणत बाई उठतात आणि दोघी प्राण्यांच्या कपाटाकडे निघतात. तिथं पोचायला लागतील फार तर पंधरा सेकंद. त्या सेकंदांत मुलीच्या मेंदूत जे घडत असतं, त्याबद्दल मला आज सांगायचं आहे.

२०१४ साली मथायस ग्रुबर, बर्नार्ड गेलमन आणि चरण रंगनाथ या मेंदू-संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची किती उत्सुकता आहे, ते विचारलं. मग त्यांना एमआरआय यंत्रात झोपवून एकेक प्रश्न दाखवला. उत्तर मात्र १४ सेकंदांनी दाखवलं आणि मधल्या वेळात पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा येऊन गेला. नंतर घेतलेल्या चाचणीत उत्सुकता असलेल्या प्रश्नांची शेकडा सुमारे ७१ उत्तरं आठवली, उत्सुकता नसलेल्यांची ५४. एवढं कदाचित आपणही ताडलं असतं. पण उत्सुकतेनं वाट पाहताना दिसलेले चेहरेसुद्धा थोडे जास्त ओळखता आले! त्या चेहऱ्यांचा प्रश्नांशी काडीचाही संबंध नव्हता.

असं का व्हावं? मध्यमेंदूत 'व्हेंट्रल टेगमेंटल एरिया' नावाचा एक लहानसा भाग आहे. तिथल्या चेतापेशी डोपामाइन हे रसायन सोडतात. डोपामाइनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण त्याचं मोठं काम अपेक्षेशी आणि शिकण्याशी जोडलेलं आहे. या प्रयोगात उत्सुकता जागी झाली की हा भाग उत्तर येण्याआधीच, वाट पाहतानाच सक्रिय झालेला दिसला. तिथून निघालेले तंतू हिप्पोकॅम्पसपर्यंत, म्हणजे नव्या आठवणी जिथं घडतात त्या भागापर्यंत, पोचतात.

आता थोडं आत शिरू. आठवण बनते म्हणजे दोन चेतापेशींमधला जोड मजबूत होतो. साधी, फिकी घटना असेल तर ही मजबुती काही तासांत ओसरते. ती टिकायला नवी प्रथिनं लागतात. पण एका पेशीला असे हजारो जोड असतात. मग पेशीत तयार झालेल्या प्रथिनांना कोणत्या जोडाकडे जायचं हे कळतं कसं? १९९७ साली उवे फ्राय आणि रिचर्ड मॉरिस या मेंदू-संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवर काम करून याचं उत्तर शोधलं. नुकताच वापरला गेलेला जोड स्वतःवर जणू एक खूण लावून ठेवतो. ही खूण काही काळच टिकते. तेवढ्यात प्रथिनं आली तर खुणेचा जोड ती पकडतो आणि पक्का होतो. फिकी घटना खूण लावते, पण प्रथिनं तयार करवून घेण्याची ताकद तिच्यात नसते. नवलाची घटना ती तयार करवते आणि त्यात डोपामाइनचा हात असतो. म्हणजे जवळपास घडलेल्या नवलाईच्या आधारानं फिकी आठवणसुद्धा टिकून जाते.

अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१३ साली हेच शाळेत तपासलं. प्राथमिकच्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली. ज्यांना त्याच्या तासभर आधी किंवा नंतर विज्ञानाचा अगदी नवा, वेगळा तास मिळाला, त्यांना दुसऱ्या दिवशी गोष्ट जास्त आठवली. चार तासांचं अंतर पडलं, तेव्हा फायदा दिसला नाही. नेहमीच्या ओळखीच्या तासानंही काही झालं नाही. म्हणून मला वाटतं, ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात उरल्यासुरल्या जागी ढकलू नये. अवघड धड्याच्या शेजारी तो ठेवावा आणि त्यात काहीतरी खरोखर नवं दाखवावं.

   

आता उत्सुकता जागी कधी होते ते पाहू. जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ साली मांडलं की माहीत असलेलं आणि जाणून घ्यावंसं वाटणारं, यांतली फट जाणवली की कुतूहल वाटतं. ज्याला विषयाचं काहीच माहीत नाही, त्याला फटही दिसत नाही. २००९ सालच्या एका प्रयोगात अर्धवट खात्री असलेल्या उत्तरांबद्दल लोकांना सर्वाधिक उत्सुकता होती. उत्सुकतेनं केलेला अंदाज चुकला, तर खरं उत्तर एक-दोन आठवड्यांनीही चांगलं आठवलं. "तुला किती वाटतात?" या प्रश्नाचं मोल इथं आहे. म्हणूनच "छान पुस्तक आहे, वाच" एवढ्यावर मूल हलत नाही. त्यापेक्षा टेबलावर एक चिठ्ठी ठेवावी: 'ऑक्टोपसच्या हातात एकही हाड नसतं. मग तो झाकण उघडतो कसं?' खाली पुस्तकाचं नाव असावं, उत्तर नको.

आणि 'पन्नास पुस्तकं वाचा, बक्षीस मिळवा' या योजना कृपया थांबवा. १९७३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना आधी प्रशस्तिपत्रक कबूल केलं. पुढं बक्षीस नसताना त्यांचा चित्रांवरचा वेळ इतर मुलांच्या निम्म्यावर आला.

तर, आपल्या दोघी कपाटापाशी पोचल्या आहेत. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीत, ५९४ म्हणजे ऑक्टोपससारखे मृदुकाय प्राणी. शेजारी ५९५ वर कोळी, खेकडे, कीटक. हवं ते पुस्तक काढताना शेजारची नावंही नजरेखालून जातात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असं म्हटलं आणि त्यासाठी कपाटं वाचकांना खुली असावीत असा आग्रह धरला. प्रयोगातल्या त्या अनोळखी चेहऱ्यांच्या जागी इथं पुस्तकांचे कणे असतात.

मुलगी पान उघडते. तीन हृदयं! दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीरभर. पोहताना हे तिसरं थांबतं, त्यामुळे ऑक्टोपस लवकर दमतो आणि शक्यतो सरपटतच फिरतो. ती वर बघते. "बाई, पण चित्रात रक्त निळं का दाखवलंय?"

बाई लगेच उत्तर देत नाहीत. "तुला काय वाटतं?" म्हणतात आणि शेजारी स्टूल ओढून बसतात.