आमवातात मोजला न जाणारा सांधा: जबडा

रूमॅटॉइड आर्थरायटिसचा, म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात किंवा नुसता संधिवात म्हणतात त्या आजाराचा जोर मोजायला ‘डीएएस 28’ नावाचा आकडा वापरतात. त्यासाठी डॉक्टर 28 सांधे दाबून पाहतात: दोन्ही खांदे, कोपरे, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे 20 सांधे. जबडा या यादीत नाही. त्यामुळे दर तपासणीला आकडा चांगला येऊनही कानापुढचा सांधा आतून झिजत राहू शकतो. म्हणून जबड्याबद्दल रुग्णाने आपणहून सांगायला हवं.

दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं गोलसर टोक. ते कवटीच्या खोबणीत बसतं आणि मधे कूर्चेसारखी चिवट चकती असते. पहिले 20 ते 25 मिलिमीटर तोंड उघडताना हे टोक बिजागरीसारखं जागच्या जागी फिरतं. त्यापुढे चकतीसकट पुढे सरकतं. सांध्याला आतून जे पातळ अस्तर असतं त्यालाच आमवातात सूज येते. अस्तर जाड होतं, हाडावर पसरतं आणि ते कुरतडू लागतं. बहुतेकदा हे दोन्ही बाजूंना होतं, आणि हातापायांच्या सांध्यांनंतर.

सुरुवातीच्या तक्रारी फसव्या असतात. कान दुखतो म्हणून माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो, किंवा दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे, आणि दोन्हीकडे काहीच सापडत नाही. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असणं, चावून चावून थकवा येणं आणि तोंड उघडताना वाळू घासल्यासारखी करकर ऐकू येणं, ही खरी खूण. नुसता ‘कट्’ असा आवाज निरोगी माणसांतही पुष्कळ वेळा येतो. त्याला घाबरू नये.

हाडाचं टोक झिजून आखूड झालं की खालचा जबडा मागे आणि खाली फिरतो. मग तोंड मिटताना दाढा आधी टेकतात आणि पुढच्या दातांत फट राहते. शिवताना दोरा दातांनी तुटत नाही, पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. अशा वेळी उंच लागणाऱ्या दाढा घासून घेणं किंवा लगेच तारा लावणं ही घाई ठरते. आतलं हाड झिजत असेपर्यंत दातांची ठेवण पुन्हा बदलणार आणि घासलेलं दाताचं आवरण काही परत येणार नाही. आधी आजार काबूत, मग दात, हाच क्रम योग्य.

तोंड किती उघडतं ते घरी मोजता येतं. तीन बोटं उभी आत जातात का पाहा, असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आमवातात बोटंच सुजलेली किंवा वाकडी असतात. साधी पट्टी घ्या आणि वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत अंतर मोजा. प्रौढांत ते साधारण 40 ते 50 मिलिमीटर असतं. 35 च्या खाली असेल किंवा महिन्यामहिन्याला कमी होत असेल तर दाखवायला हवं. मोजण्याची वेळ एकच ठेवा, कारण सकाळचा आखडलेपणा दुपारपर्यंत सैल होतो.

महाराष्ट्रात तोंड उघडेनासं झालं की पहिला संशय गुटखा-सुपारीवर जातो, आणि तो रास्तच आहे. गुटख्यावर 2012 पासून बंदी असली तरी त्या सवयीने होणारा आजार संपलेला नाही. त्यात तिखट लागताच तोंडाची आग होते, गालाची आतली कातडी पांढुरकी पडते आणि ताठ पट्टे बोटाला लागतात. आमवातात गाल मऊ राहतात, दुखणं कानापुढे असतं. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून सुपारीची सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

दंतवैद्यांकडे काढला जाणारा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे हाड बरंच झिजल्यावरच बोलतो. तो स्वच्छ आला म्हणून सांधा निरोगी ठरत नाही. अस्तराची सूज पाहायला शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय लागतो.

उपचाराचा पाया म्हणजे आजाराला आवर घालणारी औषधं. त्यातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. तोंडात फोड आले तर ते या औषधाचे असू शकतात. डॉक्टरांना कळवा, आणि असा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेलं फॉलिक ॲसिड चुकवू नका.

जबडा भडकलेला असेल तेव्हा काही दिवस मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी खावी. चकली, ऊस, च्युइंगगम बंद. कोमट ओल्या फडक्याने 15 मिनिटं शेकावं. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. एरवीही ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवावेत. सूज ओसरली की जिभेचं टोक टाळूला लावून, ते न सुटता जेवढं उघडेल तेवढंच तोंड हळू उघडावं, असं पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. चमचा किंवा काडी घालून जबरदस्तीने जबडा उघडू नये. सुजलेलं अस्तर त्याने आणखी चिडतं.

एवढ्याने भागलं नाही तर जागेवर भूल देऊन दोन सुया घालतात आणि सलाइनसारख्या द्रवाने सांधा आतून धुतात. कधी सोबत स्टिरॉइड देतात, पण ते वारंवार नको, हाडाला अपाय होतो. सांधा पार जुळून गेला तर कृत्रिम सांधा बसवता येतो. त्यात धातूचं टोक आणि प्लास्टिकची खोबण असते.

लहान मुलांच्या संधिवातात जास्त जपावं लागतं, कारण जबडा ज्या टोकापाशी वाढतो तेच टोक सुजतं. मूल दुखतं म्हणत नाही; हनुवटी एका बाजूला सरकते किंवा मागे राहते. तोंड उघडताना हनुवटी सरळ रेषेत खाली येते का, हे पालकांनी समोर उभं राहून पाहावं.

गुडघ्याचं असो की मोतीबिंदूचं, कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना जबड्याबद्दल आधी सांगणं अत्यावश्यक आहे. तोंड कमी उघडत असेल, हनुवटी मागे गेली असेल, तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड होतं. शिवाय आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि नळी घालताना मान मागे वाकवली जाते. आधी कळलं तर मानेचा एक्स-रे काढून घेता येतो आणि कॅमेऱ्याची लवचिक नळी तयार ठेवता येते.