‘बायकी’ ठरवलेली प्रेमकथा : एका वादाची पार्श्वभूमी

दीर्घ गद्यकथेला मराठीत आपण ‘कादंबरी’ म्हणतो. हे बाणभट्टाच्या सातव्या शतकातील एका प्रेमकथेच्या नायिकेचे नाव आहे. म्हणजे संपूर्ण वाङ्मयप्रकाराला आपण एका प्रेयसीचे नाव दिले. तरीही स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या प्रेमकथांचा विषय निघाला की ‘बायकी’, ‘स्वप्नाळू’, ‘पाल्हाळिक’ ही विशेषणे जिभेवर तयारच असतात. इंग्रजी वाचनविश्वात या तुच्छतेवर सुमारे दोन शतके वाद चालला. स्त्रीवादी अभ्यासकांनी या प्रेमकथांना आधी दोषी धरले, मग त्या वाचणाऱ्या स्त्रियांचे ऐकून घेतले, आणि शेवटी लेखिकांनी आपल्या भाषेची बाजू स्वतः मांडली.

सॅम्युअल रिचर्डसनची ‘पामेला’ (१७४०) ही एका तरुण मोलकरणीच्या पत्रांतून उलगडणारी कथा आहे. तिच्यातला स्त्रीचा आवाज मात्र पुरुषाने लिहिलेला आहे. पुढे जेन ऑस्टिनने, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थंगर अ‍ॅबी’मध्ये, कथानक थांबवून कादंबरीची आणि ती वाचणाऱ्या मुलींची बाजू घेतली. १८५६ मध्ये जॉर्ज एलियट या टोपणनावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या लेखिकेने ‘स्त्री-लेखिकांच्या बावळट कादंबऱ्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निनावी निबंध लिहिला. तिची तळमळ खरी होती, कारण असल्या पुस्तकांमुळे स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांना आयते हत्यार मिळते असे तिला वाटत होते. मात्र स्त्रीने स्त्रीच्या लेखनाला हसण्याची वाटही त्या निबंधाने रुळवली.

विसाव्या शतकात प्रेमकथा हा मोठा उद्योग झाला. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेली मिल्स अँड बून ही सुरुवातीला सर्वसाधारण प्रकाशनसंस्था होती. १९३० च्या दशकात, वर्गणी घेऊन पुस्तके फिरवणाऱ्या वाचनालयांच्या बळावर, ती प्रेमकथांकडे वळली. कॅनडातील विनिपेग येथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या हार्लेक्विनने १९७१ मध्ये ती विकत घेतली. भारतात या पुस्तकांचे प्रकाशन २००८ मध्ये सुरू झाले असले, तरी भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून ती आपल्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलींच्या हाती त्याच्या कितीतरी आधीपासून पोहोचत होती.

स्त्रीमुक्ती चळवळीची पहिली प्रतिक्रिया कठोर होती. स्त्रीवादी लेखिका जर्मेन ग्रीअरने १९७० मध्ये लिहिले, त्याचा आशय असा की असा रुबाबदार नायक स्त्रिया स्वतःच निवडतात आणि आपल्याच बेड्या कुरवाळत बसतात. १९७२ नंतर अमेरिकेत आलेल्या ऐतिहासिक प्रेमकथांतील काही नायक नायिकेवर बळजबरी करीत आणि तरी अखेर तिचे प्रेम जिंकीत. हे पाहता तो संताप अनाठायी म्हणता येत नाही. अभ्यासक टॅनिया मॉडलेस्कीने १९८२ मध्ये निराळे वाचन केले. नायकाला शेवटी गुडघे टेकायला लावणाऱ्या या कथांत स्त्रियांचा दडपलेला राग आणि सूडाची इच्छा वेषांतर करून वावरते, असे तिने दाखवले.

या वादाला खरी कलाटणी अभ्यासक जॅनिस रॅडवेने १९८४ मध्ये दिली. पुस्तकांवरून वाचकांविषयी अनुमान काढण्याऐवजी ती वाचकांकडे गेली. ‘स्मिथटन’ असे टोपणनाव दिलेल्या अमेरिकेतील एका गावी ‘डॉट’ नावाने ओळखवलेली एक पुस्तकविक्रेती होती, आणि तिच्या सल्ल्याने पुस्तके निवडणाऱ्या स्त्रियांशी रॅडवे बोलली. घरादाराचे करता करता दिवस संपतो आणि पुस्तक उघडले की तेवढा वेळ आपला असतो, असे त्या सांगत. नवऱ्याला आणि मुलांना त्या वेळेपुरते ‘आत्ता नाही’ म्हणता येते, हेच त्यांना मोलाचे वाटे. काहीजणी विकत घेण्यापूर्वी पुस्तकाचा शेवट वाचून पाहत. हा उतावीळपणा नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचे दुःख सावरणाऱ्या बाईला तिच्या हक्काच्या दोन तासांत आणखी एक दुःख नको होते. रॅडवेने वाचनाची कृती आणि वाचलेली कथा यांत भेद केला. कृती हा छोटासा निषेध आहे, पण कथा त्या स्त्रीला पुन्हा जुन्याच घरात समाधानाने पाठवते, असा तिचा निष्कर्ष होता. माझ्या मते हा भेद तिचे सर्वांत मोठे योगदान आहे. मात्र अंतिम निवाडा तिने स्वतःकडेच ठेवला, आणि हीच तिची उणीव आहे. १९९१ च्या नव्या प्रस्तावनेत स्त्रीवादी आणि प्रेमकथांच्या वाचक यांच्यात आपण फार ठळक रेघ ओढल्याची जाणीव तिने मोकळेपणाने व्यक्त केली.

भाषेविषयी रॅडवेचे म्हणणे असे होते की ठरावीक शब्द आणि सोपी वाक्यरचना यांमुळे वाचन अडखळत नाही. याला उत्तर लेखिकांकडून आले. जेन अ‍ॅन क्रेंट्झने १९९२ मध्ये संपादित केलेल्या निबंधसंग्रहात तिने आणि लिंडा बार्लोने दाखवले की जिला घिसीपिटी म्हणून हिणवले जाते, ती भाषा म्हणजे जाणत्या वाचकांना उमगणारी सांकेतिक लिपी आहे. नायकाचे डोळे ससाण्यासारखे किंवा सैतानासारखे म्हटले की ग्रीक पुराणातल्या पर्सेफनीला पाताळात नेणारा देव आणि शापित पशूच्या वाड्यात राहणारी मुलगी या जुन्या कथा वाचकाच्या मनात जाग्या होतात. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, कारण त्यांच्यात तो साठा आहे. ओव्यांतली ठरलेली संबोधने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे पटायला वेळ लागू नये.

अर्थात ही लिपी सर्वांसाठी सारखी खुली नव्हती. १९८० मध्ये ह्यूस्टन येथे अमेरिकेतील प्रेमकथा-लेखकांची संघटना उभी करण्यात व्हिव्हियन स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय संपादिकेचा मोठा वाटा होता, तरी मुखपृष्ठांवरची नायिका बहुतेक वेळा गोरीच राहिली. १९९४ मध्ये बेव्हर्ली जेंकिन्सची पहिली कादंबरी आली. तिची नायिका कॅन्ससमधील कृष्णवर्णीयांच्या एका वसाहतीत मुलांना शिकवणारी मास्तरीण आहे, आणि नायक घोडदळातला कृष्णवर्णीय सार्जंट.