लॅटेक्स कणांचा पृष्ठभाग आणि जलस्नेही एकवारिके

पाण्यात विखुरलेल्या, साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर व्यासाच्या बहुवारिक (पॉलिमर) कणांचा दुधाळ द्रव म्हणजे लॅटेक्स. भिंतीचे रंग, लाकडाचा पांढरा गोंद, कागदावरचे लेप यांत तो असतो. नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात या कामातली माणसे त्याला सरळ इमल्शन म्हणतात. स्टायरीन, ब्युटाइल ॲक्रिलेट अशा जलद्वेषी एकवारिकांसोबत (एकवारिक म्हणजे मोनोमर, ज्यांच्या साखळ्या जुळून बहुवारिक बनते ते लहान रेणू) ॲक्रिलिक आम्ल, मेथॅक्रिलिक आम्ल, इटाकॉनिक आम्ल किंवा ॲक्रिलामाइड यांपैकी एखादे वजनाने १ ते ३ टक्के घातले, तरी कणाचा पृष्ठभाग पालटतो.

किती घातले याइतकेच ते कुठे जाऊन बसले हेही पाहावे लागते. स्टायरीन लिटरभर पाण्यात जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळते. ॲक्रिलिक आम्ल मात्र पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. त्यामुळे त्याच्या साखळ्या बऱ्याच अंशी पाण्यातच वाढतात. त्यांतल्या काही कणावर रुजतात, बाकीच्या पाण्यातच राहतात. मेथॅक्रिलिक आम्ल तेलकट एकवारिकांत जास्त मुरते आणि त्याचे बरेच कार्बॉक्सिल गट (रेणूतले आम्लधर्मी भाग) कणाच्या पोटात गाडले जातात. म्हणून आम्ल शेवटच्या टप्प्यात सोडतात.

पृष्ठावर खरोखर किती गट आले, हे रेसिपीच्या कागदावरून कळत नाही. लॅटेक्स शुद्ध करून, आम्लरूपात आणून त्यात सौम्य कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) थेंबाथेंबाने सोडतात आणि विद्युत संवाहकता मोजतात. आलेख आधी घसरतो, तो साखळ्या सुरू करणाऱ्या परसल्फेटपासून आलेल्या सल्फेट गटांमुळे. मग कार्बॉक्सिल गट संपेपर्यंत हळू चढतो आणि त्यानंतर एकदम उसळतो.

सामू (pH) ८-९ पर्यंत नेला की हे गट ऋणभारित होतात. कण एकमेकांना दूर लोटतात, भोवती पाणी धरणारा केसाळ थर फुलतो, आणि पंपाचा मार किंवा कॅल्शियमचे क्षार सोसूनही गुठळ्या कमी होतात. ॲक्रिलामाइडला भार नसतो. त्याची सगळी भिस्त या थरावर, म्हणून क्षारांचा त्याला फारसा उपद्रव नाही. ध्रुवीय पृष्ठभागावर सरफॅक्टंटही (कण विखुरलेले ठेवणारा साबणासारखा पदार्थ) कमी चिकटतो.

ही जलस्नेही एकवारिके घालताना हात सैल सोडला तर व्हिस्कॉसिटी (दाटपणा) वाढते आणि सुकलेली फिल्म पाणी पिते. ठाण्यातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर अशी फिल्म पांढुरकी पडू शकते. सामू वाढवायला कॉस्टिकऐवजी अमोनिया घेण्याचे एक कारण हेच: फिल्म सुकताना तो उडून जातो आणि कार्बॉक्सिल गट पुन्हा आम्लरूपात, म्हणजे कमी जलस्नेही रूपात येतात.