सुप्त भ्रूणातील प्रथिननिर्मिती आणि संप्रेरके : पार्श्वभूमी

युरोपातील रो जातीच्या हरणांचा समागम जुलै-ऑगस्टमध्ये होतो, पण भ्रूणाची वाढ दिसू लागते ती जानेवारीच्या सुमारास. मधले महिने फलित भ्रूण गर्भाशयात न रुजता जवळजवळ थांबून राहतो, हे जर्मन शास्त्रज्ञ बिशोफ यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले. पिलांना पाजणाऱ्या कृंतक (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या) माद्यांमध्येही गर्भधारणा लांबते, अशी नोंद लातास्त यांनी १८९१ मध्ये केली. आज शंभराहून अधिक सस्तन प्रजातींत ही सुप्तावस्था ज्ञात आहे.

संप्रेरकांचा भाग विसाव्या शतकाच्या मध्यास उलगडला. उंदीर-घुशींच्या मादीचे अंडाशय रोपणाआधी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात रुजण्याआधी, योग्य वेळी काढून तिला केवळ प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचे संप्रेरक देत राहिले, तर ब्लास्टोसिस्ट (रुजण्याआधीच्या टप्प्यातील पोकळ गोळ्यासारखे भ्रूण) जिवंत पण सुप्त राहतात. त्यानंतर इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाची एकच अल्प मात्रा त्यांना जागे करते. या पद्धतीमुळे सुप्तावस्था संशोधकाच्या हाती आली, आणि भ्रूणाच्या आत काय बदलते हे मोजण्याची वाट खुली झाली.

१९६५ मध्ये वाइटलॉफ आणि ग्रीनवाल्ड यांनी किरणोत्सर्गी गंधकयुक्त मिथिओनीन (प्रथिनांचा एक घटक) वापरून सामान्य आणि सुप्त उंदीर-भ्रूणांतील प्रथिननिर्मितीची तुलना केली. सुप्त भ्रूणात ती मंदावलेली असते, मात्र पूर्ण थांबत नाही. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत मोलाचा धडा आहे, कारण जिवंत राहण्यापुरते काम चालू ठेवून वाढ रोखणे ही काटेकोर नियंत्रणाची खूण आहे. दिल्ली विद्यापीठात दास, मोहला आणि प्रसाद यांनी १९६९ मध्ये इस्ट्रोजेननंतर गर्भाशय आणि भ्रूण या दोहोंत न्यूक्लिइक आम्ले (डीएनए, आरएनए) व प्रथिने कोणत्या क्रमाने बनू लागतात, याचा मागोवा घेतला.

हा क्रम महत्त्वाचा होता, कारण इस्ट्रोजेन थेट भ्रूणावर काम करते की गर्भाशयाच्या मध्यस्थीने, हा वाद त्यावरच उभा होता. सुप्त भ्रूण गर्भाशयातून काढून पोषक द्रवात ठेवले की इस्ट्रोजेनविनाही ते सक्रिय होतात, या निरीक्षणाने दुसऱ्या मताला बळ दिले. टॅमर वॉलबी या कांगारूसारख्या प्राण्यात तर इस्ट्रोजेनऐवजी पीतपिंडातील (अंडाशयातील संप्रेरक स्रवणाऱ्या ग्रंथीतील) प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या स्रावांत बदल घडवते आणि भ्रूण जागा होतो. दूध पिणाऱ्या पिलामुळे वाढणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पीतपिंडाला तोवर दाबून ठेवते.

२०१६ मध्ये उंदराच्या ब्लास्टोसिस्टमधील एमटॉर हे पेशीतील प्रथिननिर्मितीवर ताबा ठेवणारे विकर अंशतः रोखून गर्भाशयाबाहेरच सुप्तावस्था निर्माण करण्यात आली, आणि रोध हटवल्यावर भ्रूणांची वाढ पुन्हा सुरू झाली.