पार्श्वभूमी : बंद घरांच्या वाडीत भाड्याची खोली का मिळत नाही

मे महिन्यात गुहागर-दापोलीकडच्या वाडीत चक्कर टाका. पडवीत फणस फोडलेला, गडग्यावर चादरी वाळत घातलेल्या, एकही घर रिकामं वाटत नाही. तीच वाडी जुलैत बघा. ओळीने कुलपं, अंगणात गुडघाभर रान, आणि कुठेतरी एकट्या म्हातारीच्या चुलीचा धूर. गंमत म्हणजे याच वाडीत बदलून आलेल्या आरोग्यसेविकेला दोन खोल्या भाड्याने मिळत नाहीत. ती तालुक्याच्या गावी राहते आणि एसटीने येऊन-जाऊन करते.

गावाला किती घरं लागतात, याचा अंदाज बांधायला बसलेला माणूस बहुधा आधी घरं मोजतो, मग कुटुंबं मोजतो आणि वजाबाकी करतो. कोकणात ही वजाबाकी फसते. का फसते, ते कळायला खोतीपर्यंत मागे जावं लागतं.

खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा, पण गावात त्याचा रुबाब मालकाचाच. कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, शेत त्याच्या हाती, आणि पुष्कळदा घराखालची जागाही. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, तो काही वर्षं चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. दरम्यान १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’पासून कसणारा मालक ठरला. घर बांधलेली जागा विकत घेण्याचा पहिला हक्कही कुळाला मिळाला. कागदावर मात्र सगळ्यांनी तो बजावला नाही. म्हणून आजही घरपट्टी एकाच्या नावावर आणि खालचा सातबारा भलत्याच्याच नावावर, असं सर्रास दिसतं. अशा घरावर बँक कर्ज देत नाही.

कायद्याने दुसरंही एक काम केलं, जे कुणी ठरवलं नव्हतं. ‘कूळ लागेल’, म्हणजे वापरायला दिलेल्या माणसाचाच हक्क लागेल, ही धास्ती घराघरांत बसली. वास्तविक कूळकायदा शेतजमिनीचा. घरभाड्याचा कायदा वेगळा, आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून खोली देता येते. पण आजोबांची जमीन गेल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे पटवून दाखवा! घर कोसळलं तरी चालेल, परका माणूस आत नको.

तशात मुंबई. गिरणीतल्या पगारातून मनीऑर्डरी आल्या, गवती छपरं गेली, चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलं आली. घर उभं राहिलं ते आजोबांच्या नावावर. पुढे वाटण्या झाल्याच नाहीत. आमच्याच घराच्या उताऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली चार माणसं हयात नाहीत आणि एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. पावसाआधी कौलं परतायचा खर्च कोणी करायचा, यावर दर वर्षी फोनाफोनी होते. भाड्याला द्यायचं तर सह्या कोणाकोणाच्या घेणार?

माणसं गेल्याची साक्ष जनगणनाच देते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्गाचीही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या; बापये मुंबईला.

लोकसंख्या उतरली म्हणजे घरांची गरज उतरली, असं वाटेल. घरकुलाच्या निकषांनाही गरज दिसली नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेसाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची यादी धरली. तिच्यात यंत्रावर बनलेली कौलं म्हणजे पक्कं छप्पर. झालं! पन्नास वर्षांपूर्वीची मंगळुरी कौलं डोक्यावर असलेलं, वासे वाळवीने खाल्लेलं, तीन भावांचे संसार माजघरात पडदे लावून चाललेलं घर ‘पक्कं’ ठरलं, म्हणजे घरकुलाची गरज नाही. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी राज्याने २०१५ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला ५०,००० रुपयांपर्यंत मदत देऊ केली. ५०० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. त्या पैशात समुद्र दिसेल अशी जागा विचारून बघा, एजंट हसेल.

कारण तोवर बाजार बदलला होता. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट, सुरू झाल्यावर अलिबाग शनिवार-रविवारचं उपनगरच झालं. खोली महिन्याच्या भाड्याने द्यायची, की होमस्टे म्हणून रात्रीच्या दराने? पाहुणा सोमवारी जातो, त्याचं कूळ लागत नाही. आणि किनाऱ्यावर १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधन घालणाऱ्या, अधिसूचनेने गावांकडे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली. नेमके तिथेच कोळीवाडे. मुलाचं लग्न झालं की खोली वाढवायला जागा नाही, आणि वाढवली तर नोटीस.

ज्यांची गरज कुठल्याच रजिस्टरात येत नाही, ते वेगळेच. रत्नागिरीच्या बोटींवरचे नेपाळी खलाशी होडीतच झोपतात. आंब्याच्या बागेतला राखणदार बायकापोरांसह मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतो, आणि मांगराला घर नंबर नसतो.

तेव्हा गावची खरी गरज काढायची तर नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही, पुरत नाही. त्याच्याशेजारी विजेची बिलं ठेवावी लागतात. ज्याचं बिल अकरा महिने फक्त स्थिर आकाराचं येतं, ते घर बंद. मग रेशन दुकानदाराला विचारायचं, एका घर नंबरावर शिधापत्रिका किती? आमच्या वाडीत एका नंबरावर तीन आहेत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांना गणपतीपर्यंत कुलूप.