हप्त्याच्या कागदावर त्याच दिवशी सही का घेत नाही?

ग्राहक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

कापसाचा चुकारा मिळाला की अनेक जण जिनिंगवरून थेट आमच्या दुकानात येतात. खिशात काटापट्टी असते, नजर काचेमागच्या टीव्हीवर असते आणि वस्तू आजच हवी असते. आम्ही मात्र हप्त्याच्या कागदावर दुसऱ्या दिवशीच सही घेतो. यावर काही ग्राहक रागावतात, म्हणून कारण सविस्तर सांगत आहोत.

मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन असते. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना आधी दिवा लावून मग फळांचा रस दिला जाई. सवय झाल्यावर डोपामाइनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर दिवा दिसताच उत्तेजित होऊ लागल्या. वस्तू घरी येण्याआधीच मन तिच्यासाठी इतके का अधीर होते, याचा काही उलगडा यातून होतो. पुढचा विचार करून स्वतःला आवरणे हे मुख्यतः कपाळामागच्या भागाचे काम असून तो भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण विकसित होतो, आणि तीव्र ताणात मोठ्यांच्याही मेंदूत त्याचे काम मंदावते.

पैशाची चणचण हाही असाच ताण आहे. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्या अवघड गेल्या आणि तोडणीनंतर त्याच चाचण्या त्यांनी अधिक चांगल्या सोडवल्या. माणसे तीच होती, त्यामुळे यात कोणाच्या हुशारीचा प्रश्न नाही. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर, बियाणे-खताची जुळवाजुळव चालू असताना, पंपाच्या हप्त्याचा कागद पुढे येतो तेव्हा आम्हाला हा अभ्यास हटकून आठवतो.

आता हिशेब पाहा. 60,000 रुपयांच्या वस्तूवर 12 टक्के सरळ व्याज दोन वर्षे धरले, तर 3,100 रुपयांचे 24 हप्ते होतात. मनात 3,100 हाच आकडा राहतो, परंतु एकूण 74,400 रुपये जातात; आणि मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज पूर्ण रकमेवर लागत असल्याने खरा वार्षिक दर 21 टक्क्यांहून अधिक पडतो.

म्हणून आमच्या कागदावर एकूण रक्कम हप्त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. तो कागद घरी न्या आणि रात्री घरच्यांना वाचून दाखवा. वस्तू व तिचा भाव तीन दिवस तुमच्यासाठी राखून ठेवू, आणि त्यासाठी बयाणा घेणार नाही.